चेंडू त्यांच्याकडेच राहू द्या

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेत टेनेसी राज्यात नॉक्सव्हिल नावाचं शहर आहे. तिथे टेनेसी नदीच्या अगदी काठाला लागून एक स्टेडियम आहे. एक लाखाहून जास्त माणसं बसतात त्यात. मॅचच्या दिवशी काही मंडळी तर आपापल्या बोटी घेऊन नदीतूनच येतात. आणि हे सगळं एका विद्यापीठाच्या फुटबॉल संघासाठी बरं का, कुठल्या व्यावसायिक क्लबसाठी नाही! १९२१ साली ते सुरू झालं तेव्हा तिथे जेमतेम ३,२०० माणसांची सोय होती. ज्यांनी ते वाढवत नेलं, ते त्याच विद्यापीठाच्या संघाचे कोच होते आणि पेशाने लष्करातले इंजिनियर. विस्ताराच्या आराखड्यांतही त्यांचा हात होता. नाव जनरल रॉबर्ट नीलंड. आज स्टेडियमला त्यांचंच नाव आहे, नीलंड स्टेडियम. ज्याने स्टेडियम वाढवलं त्याचं नाव स्टेडियमला! आपल्याकडे मैदानाला नाव कोणाचं द्यायचं यावरून सभा उधळल्या जातात, आणि ज्याने तिथे आयुष्यभर रोलर ओढला त्याचं नाव पाटीवर कुठेच नसतं. असो.

एक खुलासा आधीच करतो. फुटबॉल म्हणजे इथे आपला गोल मारायचा फुटबॉल नाही. हा अमेरिकन फुटबॉल. अंडाकृती चेंडू, हातात धरून पळायचं, समोरचे अंगावर येऊन पाडतात. दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. नाही जमलं तर चेंडू समोरच्या संघाकडे. म्हणून चौथ्या प्रयत्नाला बहुतेक संघ चेंडू लाथेने लांब भिरकावून देतात, म्हणजे समोरच्याला निदान लांबून सुरुवात करावी लागते. एवढं लक्षात ठेवा, बाकीचं नाही कळलं तरी चालेल.

नीलंडसाहेब कित्येकदा चौथ्या प्रयत्नाची वाटच पाहत नसत. हातात प्रयत्न शिल्लक असतानाच चेंडू लाथाडायला लावायचे. घ्या तुम्ही चेंडू! त्यांचा हिशेब सरळ होता. चेंडू ज्याच्या हातात, चूक त्याच्या हातून. आणि ती चूक त्याच्याच गोलरेषेजवळ झाली, की फायदा आपला. परत सांगतो, कारण आजच्या बोलण्याचं सगळं सार त्यात आहे. चेंडू ज्याच्या हातात, चूक त्याच्या हातून. कमी चुका करणारा जिंकतो, हा त्यांच्या सात नियमांतला पहिला नियम. ते सातही नियम टेनेसीची पोरं आजही मॅचच्या आधी एका सुरात म्हणतात.

बचाव म्हणजे घाबरून मागे सरकणं, असं आपल्याला उगाच वाटतं. कबड्डीचंच घ्या. चढाई करून आलेल्याला खांद्यावर घेऊन नाचतात. पण डाव्या कोपऱ्यात दबा धरून बसलेला, चढाईवाल्याला बोनस रेषेपर्यंत मुद्दाम येऊ देणारा आणि मग त्याचा घोटा धरणारा जो असतो ना, त्याने मॅच जिंकलेली असते. नीलंडचे अकराच्या अकरा त्या कोपऱ्यातले होते.

आता ती गोष्ट. ही सांगायची म्हणूनच मी आज या माणसाबद्दल बोलतोय, हे कबूल करून टाकतो.

साल १९२८. नीलंड १९२५ मध्ये टेनेसीला आले ते लष्करी शिक्षणाचे अधिकारी म्हणून, आणि फावल्या वेळात फुटबॉलला मदतनीस. पुढच्याच वर्षी मुख्य कोच झाले. इंजिनियरिंगचे प्राध्यापक नेथन डॉहर्टी खेळांचा कारभार बघायचे, त्यांनी नीलंडना काम एकच सांगितलं, त्याच राज्यातल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाचा हिशेब चुकता करा. कारण व्हँडरबिल्ट टेनेसीला वर्षानुवर्षं धोपटत होतं. म्हणजे टेनेसीची पत काय, तर राज्यातल्याच संघाला हरवलं तरी भरून पावलो, अशी.

आणि त्या वर्षी गाठ कोणाशी? अलाबामा विद्यापीठाशी. अलाबामा म्हणजे तेव्हाचे दादा. कोच वॉलेस वेड. कॅलिफोर्नियात एक जानेवारीला रोझ बोल नावाची मानाची मॅच होते, तिथे जाऊन अलाबामाने १९२६ मध्ये वॉशिंग्टनला हरवलं होतं. दक्षिणेतल्या संघांना तोवर देशात कोणी विचारत नव्हतं, अलाबामाने विचारायला लावलं. टेनेसी आणि अलाबामा १९१४ नंतर एकमेकांशी खेळलेच नव्हते. चौदा वर्षांनी गाठ पडत होती, ऑक्टोबरचा तिसरा शनिवार, अलाबामाच्या गावात, टस्कलूसाला.

टेनेसीचा संघ बहुतेक कोवळ्या पोरांचा. जीन मॅकएव्हर, बडी हॅकमन, बॉबी डॉड, या तिघांचं विद्यापीठाच्या संघातलं ते पहिलंच वर्ष. आपल्या बारावी झालेल्या, मिसरूड फुटलेल्या मुलांच्या वयाचे.

मॅचच्या आधी नीलंड वेडना भेटायला गेले. या गोष्टीच्या आवृत्त्या बऱ्याच आहेत, मला आवडते ती सांगतो. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकलेला, कुस्ती-मुष्टियुद्ध करणाऱ्यांसारखी बांधणी असलेला, पहिल्या महायुद्धात फ्रान्सला जाऊन आलेला हा ताठ गडी. तर हा ताठ गडी वेडसमोर अगदी पडेल चेहऱ्याने उभा राहिला. आणि म्हणाला काय, तर तुमचा संघ फार भारी आहे, आमची पोरं लहान आहेत, गुणांचा फरक फारच वाढला तर शेवटचा भाग थोडा आटोपता घेता येईल का?

डोळ्यासमोर आणा तुम्ही. पाहुण्या संघाचा कोच, नाणेफेकही व्हायच्या आत, हरल्यावर मार जरा कमी द्या म्हणून विनवतोय! वेड मोठ्या मनाचे. तशी वेळ येणार नाही बहुतेक, पण आलीच तर बघू, करू कमी, म्हणाले. नीलंडनी आभार मानले आणि गेले आपल्या पोरांकडे.

खरंच घाबरले होते की नाटक करत होते? माझं मत विचाराल तर नाटक. निव्वळ नाटक! ज्या माणसाने स्वतःच्या संघाकडून एकेक चाल पुन्हा पुन्हा घोटून घेतली होती, तो आपल्या पोरांना काय येतं हे ओळखून नव्हता का? पण काही जुने जाणकार म्हणतात की नाही, त्यांना खरोखर काळजी होती. मी त्यांच्याशी वाद घालणार नाही. गोष्ट नाटकाची जास्त रंगते.

शिट्टी झाली. अलाबामाने पहिली लाथ मारली, चेंडू वर गेला, पार टेनेसीच्या गोलरेषेपाशी. मैदान शंभर यार्डांचं. मॅकएव्हरने चेंडू झेलला तो आपल्याच टोकाला, दोन यार्डांच्या आसपास. आणि निघाला. पुढे त्याची माणसं वाट मोकळी करतायत, मागे अलाबामाचे लागलेत, वीस, चाळीस, साठ, ऐंशी… अठ्ठ्याण्णव यार्ड! म्हणजे जवळजवळ नव्वद मीटर, एका दमात, चेंडू काखोटीला मारून थेट पलीकडच्या टोकाला. टचडाउन. घामही आला नव्हता कुणाला अजून. प्रेक्षक अजून आपापल्या जागा शोधत असतील.

अलाबामाने उत्तर दिलं, ते काही लेचेपेचे नव्हते. पण पुढे त्यांच्याच टोकाला त्यांची गडबड झाली आणि टेनेसीला दोन गुण मिळाले. सेफ्टी म्हणतात त्याला. समोरच्याला त्याच्याच घरात पकडलं की बचाव करणाऱ्यांना दोन गुण. आता अंतिम गुणफलक ऐका. टेनेसी १५, अलाबामा १३. फरक किती? दोन. पुन्हा सांगतो, दोन! चेंडू ज्याच्या हातात, चूक त्याच्या हातून. आणि मॅच काही आटोपती घ्यावी लागली नाही.

त्या दिवसानंतर देशाला टेनेसी कळलं. १९२६ ते १९३२ या सात हंगामांत नीलंडचे संघ ६१ मॅच जिंकले, हरले फक्त २, बरोबरी ५. एकूण कारकिर्दीत १७३ विजय, ३१ पराभव, १२ बरोबरी, म्हणजे २१६ मॅच. त्यातल्या ११२ मॅचमध्ये समोरच्याला एकही गुण मिळाला नाही. निम्म्याहून जास्त!

१९३९ चा हंगाम तर विचारूच नका. दहा मॅच, टेनेसीचे २१२ गुण, समोरच्या दहाही संघांचे मिळून शून्य. तेव्हापासून आजवर मोठ्या कॉलेज संघांपैकी एकालाही अख्खा नियमित हंगाम असा कोरा राखता आलेला नाही. मागचं वर्ष धरून सलग ७१ क्वार्टर, म्हणजे मॅचचे पाव भाग, त्यांच्यावर कोणी गुण केला नव्हता. मग १ जानेवारी १९४० ला रोझ बोलमध्ये सदर्न कॅलिफोर्नियाने त्यांना १४-० ने हरवलं. भरवशाचा खेळाडू जॉर्ज कॅफेगो गुडघ्याने जायबंदी होता, हे खरं. पण मोठ्या सामन्यांत मागे पडल्यावर नीलंडच्या संघाला वेगाने गुण करता येत नसत, हेही खरंच आहे. पुढच्या वर्षी बॉस्टन कॉलेजनेही त्यांना हरवलं. बचावाच्या भक्तांनी, माझ्यासकट, ही बाजू झाकू नये.

मैदानाबाहेरची एक बाजूही झाकू नये. त्यांच्या एकाही संघात कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. दक्षिणेतल्या त्या विद्यापीठांची दारंच बंद होती. टेनेसीच्या फुटबॉल संघातून पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, लेस्टर मॅक्लेन, मैदानात उतरला तो १९६८ मध्ये. नीलंड १९६२ मध्येच गेले होते.

आपल्या देशाशी त्यांचा थेट संबंध आला, तो दुसऱ्या महायुद्धात. तेव्हा ब्रिगेडियर जनरल नीलंड कोलकात्याला होते, अमेरिकन सैन्याच्या पुरवठा तळाचे प्रमुख म्हणून. जहाजांतून माल उतरवायचा, रेल्वेने आसामकडे धाडायचा, तिथून विमानांनी हिमालयावरून चीनला. बंगालच्या पावसाळ्यात! मला नेहमी वाटतं, इतकं सगळं सांभाळणाऱ्याला एक चेंडू सांभाळणं म्हणजे काय. आपल्याकडे पंधरा मिनिटांच्या पावसात बक्षीस समारंभ रद्द करतात, आणि भाषणं मात्र तंबूत चालूच ठेवतात.

युद्धानंतर परत आले, १९५२ पर्यंत शिकवलं. बाकीचे संघ नवी मांडणी घेऊन खेळत होते, हे आपल्या सिंगल विंग नावाच्या जुन्या मांडणीलाच धरून बसले. हसले लोक. आणि १९५१ साली तेच राष्ट्रीय विजेते ठरले.

वेळ होत आली, शेवटचं एकच. अमेरिकेत ज्यांना कॉलेज फुटबॉलचे गुरू मानतात ते पॉल ब्रायंट, बेअर ब्रायंट म्हणून प्रसिद्ध, ते अलाबामाला जायच्या आधी केंटकीचे कोच होते. १९५० मध्ये त्यांचा केंटकी संघ एकही मॅच न हरता नॉक्सव्हिलला आला आणि ७-० ने हरून गेला. त्याच केंटकीने महिनाभराने सलग ३१ मॅच जिंकलेल्या ओक्लाहोमाला लोळवलं! पण नीलंडपुढे ब्रायंट सात वेळा उभे राहिले. पाच वेळा हरले, दोनदा बरोबरी. १९५३ मध्ये केंटकीने टेनेसीला एकदाचं हरवलं, २७-२१. तोवर नीलंड कोचपद सोडून ऑफिसात बसायला लागले होते.

नमस्कार.