शेगडीतून वाचलेले कागद

श्रोतेहो, नमस्कार.

७ डिसेंबर १९४१. पर्ल हार्बरवर बॉम्ब पडले आणि त्याच दिवसापासून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर जपान्यांची धरपकड सुरू झाली. एफबीआयची माणसं यायची, कर्त्या पुरुषाला घेऊन जायची, घराची झडती घ्यायची. मग कितीतरी घरांत शेगडी पेटली. गावाकडून आलेली आईची पत्रं, रोजनिशा, फोटो; ज्यावर जपानी अक्षर दिसेल तो कागद आत जाऊ लागला. पुरावा होईल, ही भीती!

मला राहून राहून ताकाओ ओझावा आठवतात. १८९४ मध्ये कोवळ्या वयात अमेरिकेत आलेला हा माणूस. बर्कलेत शिकला, पुढे हवाईत स्थायिक झाला. १९१४ मध्ये नागरिकत्वासाठी अर्ज केला, तेव्हा आपली बाजू स्वतः लिहून काढली. मी दारू पीत नाही. घरात इंग्रजीच बोलतो. मुलांच्या जन्माची नोंद जपानी वकिलातीत केलेली नाही. नावाने मी अमेरिकन नसेन, मनाने अस्सल अमेरिकन आहे. स्वतःचा संसार असा कोर्टापुढे उलगडून ठेवायचा, किती जिवावर आलं असेल! १९२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला: तुम्ही गोरे नाही, म्हणून नागरिकत्व नाही. तीनच महिन्यांनी तिथे नागरिकत्व मागणाऱ्या आपल्या पंजाबच्या भगतसिंग थिंद यांच्याही पदरात तोच नकार पडला.

नागरिकत्व नाही, म्हणून कॅलिफोर्नियात जमीन घेता येत नव्हती. तो कायदा १९१३ चा. मग सातबाराला आपण जपतो तसं जपलेलं खरेदीखत असायचं अमेरिकेत जन्मलेल्या मुलाच्या नावाचं आणि घाम बापाचा.

१९४२ च्या वसंतात जपानी वंशाच्या सुमारे सव्वा लाख माणसांना हाताने उचलता येईल तेवढंच सामान घेऊन छावण्यांत जावं लागलं. कागद मागे राहिले ते ओळखीच्यांकडे, देवळांत, कुठल्या तरी ट्रंकेत.

साठच्या दशकात लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात हे उरलेसुरले दप्तर गोळा होऊ लागलं. पण वाचणार कोण? मुलं इंग्रजी शाळेत शिकलेली. बापाचं जुन्या वळणाचं जपानी त्यांना लागेना. घरातलीच मोडीची पत्रं ज्यांना वाचता येत नाहीत, त्यांना ही कळ समजेल. ते दप्तर लावायला पुढे आलेल्यांत एक होते इतिहासकार युजी इचिओका. त्यांचं लहानपण युटातल्या टोपाझच्या छावणीत, काटेरी कुंपणाआड गेलं होतं. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एकेक कागद पाहून १९७४ मध्ये त्या संग्रहाची सूची छापली.