वॉकर : तुडवणाऱ्यांचं आडनाव

इंग्लंडच्या लँकशायरमधलं हेल्मशोर. १७९६ साली बांधलेली ही गिरणी आता संग्रहालय आहे. पाण्याचं चाक फिरतं, तसे हे लाकडी हातोडे आळीपाळीनं उचलले जातात आणि खाली आदळतात. डोणीत ओलं लोकरीचं कापड आहे. प्रत्येक घावासरशी ते थोडं वळतं आणि पुढचा घाव नव्या जागी बसतो.

हातोड्यांच्या आधी कापड ठोकून दाट करायचं हे काम पायांचं होतं. मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड विरविरीत असतं आणि तेलकटही. ते डोणीत टाकायचं, वर शिळं मूत्र ओतायचं (हो, माणसांचंच, घरोघरी फिरून जमवलेलं) आणि अनवाणी पायांनी तुडवत राहायचं. मुतातला अमोनिया तेलकटपणा काढतो. उरलासुरला चिकटा एक माती शोषून घेते. आपल्याकडे चेहऱ्याला लावतात त्या मुलतानी मातीचीच ही जात. इंग्रजीत तिला फुलर्स अर्थ म्हणतात. तुडवता तुडवता लोकरीचे तंतू एकमेकांत गुंततात, कापड आटतं, दाट होतं, शेवटी वीणही दिसेनाशी होते.

हे करणारा तो वॉकर. जुन्या इंग्रजीत ‘वेआल्कन’ म्हणजे लोळवणं, घुसळणं. पायी चालण्याचा अर्थ मागाहून आला. तेव्हा वॉकरांचा मूळपुरुष फार चालायचा, हे डोक्यातून काढून टाकावं. उत्तर इंग्लंडात तो वॉकर, दक्षिणेला आणि पूर्वेला फुलर, डेव्हनकडे टकर. आडनावाच्या कौतुकात लोक कुलचिन्हं शोधत बसतात. आम्हाला ही डोण जास्त खरी वाटते.

एक्सेटरचा हा टकर्स हॉल, १४७१ चा. विणकर, तुडवणारे आणि कापडाची लव कातरणारे, या तिघांच्या संघाची ही वास्तू. वरचं लाकडी छत बघा.

आणि नॉर्दम्बरलंडमधल्या ऑटरबर्न गिरणीबाहेरच्या या चौकटी. तुडवलेलं कापड ओलं असतानाच आकड्यांवर ताणून बसवायचं, नाहीतर वाळताना ते वेडंवाकडं आटतं.

बाराव्या शतकात पाण्यावर चालणारे हातोडे आले आणि पायांनी तुडवणाऱ्यांचं काम हळूहळू गेलं. आडनाव मात्र इंग्लंडमधल्या सर्वांत प्रचलित आडनावांत आजही आहे.

स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवर विसाव्या शतकातही हे काम हातांनी होत होतं. बायका फळीभोवती बसून ओलं कापड आपटत. एकीनं ओळ उचलायची, बाकीच्यांनी धृपद धरायचं. मधेच कुणीतरी बोटानं कापडाची रुंदी मोजायची आणि अजून किती गाणी लागतील ते सांगायची.