काकिओकाची सुई आणि दोन दाबांची गाडी

श्रोतेहो, नमस्कार.

टोकियोच्या शिनागावा स्थानकातून ईशान्येकडे जाणारी ‘हिताची’ ही जलद गाडी तोरिदे आणि फुजिशिरो या स्थानकांच्या मध्ये आली, की क्षणभर डोक्यावरच्या तारेत वीजच नसते. अलीकडे १५०० व्होल्टचा डीसी, म्हणजे दिष्ट प्रवाह असतो, तर पलीकडे २०,००० व्होल्टचा एसी, म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाह. मधला निर्वीज तुकडा गाडी अंगच्या वेगावरच ओलांडते. जुन्या गाड्यांत इथे डब्यातले दिवे जात असत.

एकाच मार्गावर दोन तऱ्हेची वीज असण्याचे कारण इबाराकी प्रांतातल्या काकिओका गावी सापडते. पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद ठेवणारी वेधशाळा टोकियोतल्या ट्रामच्या विजेचा उपद्रव होऊ लागल्याने १९१३ मध्ये तिथे हलवण्यात आली. डीसी प्रवाह तारेतून गाडीत येतो आणि रुळांवाटे उपकेंद्राकडे परततो; परंतु त्यातला काही भाग जमिनीत झिरपतो आणि वेधशाळेची नाजूक सुई त्याने विचलित होते. एसी प्रवाहाची दिशा सतत उलटत असल्यामुळे त्याचा असा परिणाम साचत नाही. म्हणून वेधशाळेभोवतीच्या सुमारे ३० किलोमीटरच्या टापूत नेहमीच्या पद्धतीचे डीसी विद्युतीकरण करता येत नाही. एका सुईसाठी रेल्वेने दुहेरी यंत्रणेचा खर्च सोसावा, याचे मला गाडीच्या वेगापेक्षाही अधिक कौतुक वाटते.

ही यंत्रणा वाहणारी ई-६५७ श्रेणीची दहा डब्यांची गाडी मार्च २०१२ मध्ये धावू लागली. तिचा कमाल वेग ताशी १३० किलोमीटर आहे. एसी टापूत ट्रान्सफॉर्मर विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, उतरवतो आणि कन्व्हर्टर त्या विजेचा डीसी करून ती इन्व्हर्टरला, म्हणजे मोटारींना हवी तशी वीज घडवणाऱ्या यंत्राला, देतो; डीसी टापूत हे दोन्ही टप्पे वगळून तारेतली वीज थेट इन्व्हर्टरकडे जाते. चाके फिरवणाऱ्या मोटारींना दोन्हीकडे सारखेच खाद्य मिळते. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर १५०० व्होल्टचा डीसी जाऊन २५,००० व्होल्टचा एसी येत असताना दोन्हींवर चालणाऱ्या लोकल आपणही पाहिल्या आहेत. तिथे ती संक्रमणकाळाची सोय होती, इथे ती कायमची गरज आहे.

गाडीच्या पांढऱ्या अंगावरची जांभळट लाल पट्टी मितो शहरातल्या काइराकुएन उद्यानाच्या उमे या आलुबुखाराच्या जातीच्या झाडाच्या फुलांची आठवण देते. २०११ च्या भूकंपानंतर फुकुशिमातला खंडित मार्ग १४ मार्च २०२० रोजी पूर्ण जोडला गेला, आणि त्या दिवसापासून हीच गाडी थेट सेंदाईपर्यंत जाऊ लागली.