पाव, कांदा आणि मॉरिशसचा रुपया

अध्यक्षमहाराज आणि मित्रहो,

निमंत्रणपत्रिकेत आजचा विषय 'मॉरिशसच्या रुपयाची घसरण आणि तिथला घरखर्च' असा छापला आहे, आणि मी त्या विषयावर येणार आहे, एवढी खात्री बाळगावी. मात्र मॉरिशसचे नाव काढले की आपल्या मंडळींना समुद्रकिनारा आणि मधुचंद्र यांखेरीज काही आठवत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. हॉटेलांच्या कुंपणाबाहेर तिथे सुमारे साडेबारा लाख माणसे राहतात, त्यांत कोकणातून गेलेल्या गिरमिटियांचे, म्हणजे कराराने बांधलेल्या मजुरांचे, वंशजही आहेत, आणि ही सगळी माणसे रोज स्वयंपाक करतात. देशाचे क्षेत्रफळ २,०४० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या नाशिक जिल्ह्याच्या सातव्या हिश्श्याहूनही कमी. शेतजमिनीचा मोठा भाग पिढ्यानपिढ्या उसाखाली राहिला, त्यामुळे अन्नापैकी सुमारे तीन-चतुर्थांश जहाजाने येते. तिथल्या गृहिणीचा हिशेब बंदरापासून सुरू होतो तो असा.

आता पावाची गोष्ट. शंभर ग्रॅमचा साधा पाव तिथे कित्येक वर्षे त्यांच्या २ रुपये ६० सेंटला मिळत आला आहे, कारण पिठाला सरकारी अनुदान आहे. रेशनचा तांदूळ, पीठ, स्वयंपाकाचा गॅस आणि पेट्रोल-डिझेल हे सारे १९८२ साली स्थापन झालेले राज्य व्यापार महामंडळ आयात करते. तिथल्या क्वात्र बोर्न गावातल्या एका मराठी घरी मी या स्वस्त पावाचे मनापासून कौतुक केले, तेव्हा घरच्या काकूंनी शांतपणे सांगितले की या पावाबद्दल त्या कोणाचे उपकार मानत नाहीत, कारण त्याचे पैसे त्यांचा मुलगा पेट्रोलपंपावर भरतो. हे अक्षरशः खरे आहे. पेट्रोलच्या किरकोळ दरात तांदूळ, पीठ आणि गॅस यांच्या अनुदानासाठीचा वाटा धरलेला असतो; २०२१ मध्ये तर करोनाच्या लसींसाठी लिटरमागे २ रुपये त्यात मिळवले गेले, आणि लस मात्र 'मोफत' होती. एप्रिल २०२२ मध्ये महागाईविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले आणि त्याच वर्षी पेट्रोल लिटरला ७४ रुपये १० सेंटवर गेले. पेट्रोल महागले की भाजीची वाहतूक महागते, म्हणजे ज्या घरात मोटार नाही त्या घराकडूनही पावाची वसुली होते, फक्त ती टोमॅटोच्या भावातून होते.

नाशिकच्या सभागृहात कांद्याविषयी न बोलता खाली उतरणे धोक्याचे आहे, हे मी जाणतो. ८ डिसेंबर २०२३ रोजी आपल्या सरकारने कांद्याची निर्यात बंद केली, लासलगावला काय झाले ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. पुढे सरकारी परवानगीने ज्या सहा देशांना ठरावीक कोटा मिळाला त्यांत मॉरिशस होता. त्याआधी बिगर-बासमती तांदळावर बंदी आली, तेव्हाही मॉरिशसला १४,००० टनांची सवलत मिळाली होती. आपल्या मतदाराला कांदा स्वस्त मिळावा म्हणून दिल्लीत घेतलेला निर्णय पोर्ट लुई या तिथल्या राजधानीच्या बाजारात भाव ठरवतो, आणि तिथल्या मतदाराला त्यावर मत देण्याची सोय नाही. (येथे श्रोत्यांतून 'आम्हालाही नाही' असा आवाज आला. मी तो मान्य केला.)

दुसरी तक्रार अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांविषयी आहे, आणि मी त्यांच्यातलाच असल्यामुळे ती करण्याचा मला अधिकार आहे. जेम्स मीड या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञांनी १९६१ च्या सुमारास मॉरिशसच्या भवितव्याविषयी अत्यंत निराशाजनक अंदाज वर्तवला, पुढे त्यांना १९७७ चे नोबेल मिळाले, आणि देश मात्र समृद्ध झाला. हा किस्सा आम्ही वर्गात हमखास हशा मिळवण्यासाठी सांगतो. त्यांनी दिलेला सल्ला मात्र कोणी सांगत नाही. मजुरी फार वाढू देऊ नका, म्हणजे अनेक हातांना काम देणारे उद्योग उभे राहतील, असे ते म्हणत होते, आणि घडलेही साधारण तसेच. १९७० च्या कायद्याने निर्यातप्रक्रिया क्षेत्र, म्हणजे निर्यातीसाठी माल बनवणाऱ्या कारखान्यांची व्यवस्था, आली, कापडाच्या कारखान्यांत हजारो स्त्रिया कामाला लागल्या, आणि त्यांची किमान मजुरी पुरुषांपेक्षा कमी ठरवलेली होती. एवढ्या मजुरीत घर चालायचे असेल तर पाव आणि तांदूळ स्वस्तच असायला हवेत. त्यामुळे मी त्या अनुदानाला गरिबांवरची दया मानत नाही. कारखानदाराच्या मजुरीखर्चाचा एक भाग सरकारने उचलला होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे, आणि मूळ विषय अजून शिल्लक आहे, तेव्हा आता भरभर.

करोनापूर्वी डॉलरला सुमारे ३६ मॉरिशस रुपये पडत, २०२२ मध्ये सुमारे ४४-४५ पडू लागले. पर्यटन थांबले होते, युक्रेन युद्धाने जगभर भाव चढले होते, हे खरेच आहे. पण मध्यवर्ती बँकेने २०२० मध्ये सरकारला ६० अब्ज रुपये अनुदान म्हणून दिले आणि मोठ्या कंपन्यांना सावरण्यासाठी ८० अब्जांची वेगळी गुंतवणूक कंपनी काढली. एवढा पैसा निर्माण झाल्यावर रुपयाची पत टिकेल, असे मानणे भाबडेपणाचे होते. २०२२ ची महागाई १०.८ टक्के होती. रुपया घसरला की युरोत कमावणारे हॉटेल आणि डॉलरमध्ये विकणारी कापडगिरणी यांचे उत्पन्न रुपयांत फुगते, आणि दूध पावडरीचा डबा, डाळ, औषध विकत घेणाऱ्या घराचे तेवढेच आकसते. हा एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेला पैसा आहे, पण अर्थसंकल्पाच्या कोणत्याही पानावर तो दिसत नाही, त्यावर संसदेत मतदानही होत नाही.

मतदान नंतर होते. १९७९ आणि १९८१ मध्ये सरकारनेच रुपयाची किंमत उतरवली, त्या अवमूल्यनांनंतर १९८२ मध्ये विरोधकांनी मुख्य बेटावरच्या साठपैकी साठ जागा जिंकल्या, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा तसेच झाले. (१९९५ मध्येही झाले, पण त्याची कारणे निराळी.) पण निवडून आलेल्यांचीही सुटका नसते: नव्या सरकारने जून २०२५ च्या अर्थसंकल्पात सार्वत्रिक निवृत्तिवेतनाचे वय ६० वरून टप्प्याटप्प्याने ६५ करण्याचे जाहीर केले आणि निदर्शने झाली.

उपाय काय, हा प्रश्न येणारच. सरकार, मालक आणि कामगार संघटना दर वर्षाअखेरीस एकत्र बसून महागाईची भरपाई ठरवतात आणि जानेवारीपासून ती पगारात मिळते. माझी सूचना एवढीच की ती बैठक वर्षाची वाट न पाहता, रुपया ठरावीक मर्यादेपलीकडे घसरला की आपोआप भरावी, आणि त्या भरपाईचा भार परकीय चलनात कमावणाऱ्यांवर आधी पडावा. रस्त्यावर डाळपुरी विकणाऱ्याला मालकच नसल्यामुळे ही भरपाई त्याला कशी पोहोचवायची, यावर माझ्याकडे अर्धे टिपण आहे. चहाच्या वेळी ज्यांना हवे असेल त्यांनी मला गाठावे.