शरीर साफ झाल्यानंतर

(दृश्य : उपचार केंद्राचं फाटक. बाहेर पडणारी माणसं पाठमोरी.)

काही आठवडे आत राहून माणूस बाहेर येतो. अंगात थोडी ताकद आलेली असते, भूक लागू लागलेली असते, बोलणं ताळ्यावर असतं. न्यायला आलेल्या घरच्यांना वाटतं, सुटलो एकदाचे.

अफूच्या कुळातल्या नशेत मात्र जिवाला सगळ्यात मोठा धोका इथून पुढच्या काही आठवड्यांत असतो. आपल्या माणसासाठी उपचार शोधणाऱ्या प्रत्येक घराला ही गोष्ट सगळ्यात आधी कळायला हवी. ती बहुतेकदा कोणी सांगतच नाही.

हे असं का होतं? ही द्रव्यं मेंदूतल्या ज्या भागांवर काम करतात, त्यांत श्वास चालू ठेवणारा भागही असतो. रोज नशा करणाऱ्याच्या शरीराला मोठ्या मात्रेची सवय झालेली असते. नशा थांबली की ही सवय काही दिवसांतच उतरू लागते, ओढ मात्र मनात तशीच राहते. एखाद्या वाईट संध्याकाळी तो पूर्वीइतकीच मात्रा घेतो. शरीर आता तेवढं सोसू शकत नाही आणि झोपेतच श्वास मंदावत जाऊन थांबतो. तुरुंगातून सुटलेल्यांच्या, दीर्घ आजारपणानंतर दवाखान्यातून घरी आलेल्यांच्या बाबतीतही हेच घडतं.

(दृश्य : औषधांच्या पट्ट्या, सिरपच्या बाटल्या.)

ही नशा फक्त हेरॉइनची किंवा ब्राऊन शुगरची नसते. मॉर्फिन, कोडीन, ट्रॅमाडॉल, ऑक्सिकोडोन, फेंटानिल ही सगळी याच कुळातली. यांतली बरीच औषधं डॉक्टरच दुखण्यावर लिहून देतात आणि योग्य ठिकाणी त्यांना पर्यायही नसतो. शस्त्रक्रियेनंतर घेतलेल्या गोळ्या थांबवता आल्या नाहीत, अशी सुरुवात झालेली माणसं कमी नाहीत. खुद्द हेरॉइन १८९८ साली बायर कंपनीने खोकल्याचं औषध म्हणून बाजारात आणलं होतं. त्यामुळे 'आमच्या घरात हे आलंच कसं' या प्रश्नाचं उत्तर अनेकदा औषधांच्या कपाटात सापडतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. लाजेपायी महिने वाया जातात, ते नुकसान खरं.

नशा मिळाली नाही की काही तासांत त्रास सुरू होतो. डोळ्यांना पाणी, सारख्या जांभया, अंगावर काटा, पोटात मुरडा, जुलाब, हाडं मोडल्यासारखं अंग दुखणं, झोप नाही. नशा करणारे याला टर्की म्हणतात. हेरॉइनच्या बाबतीत हा त्रास साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचतो आणि आठवड्याभरात बराच ओसरतो. खोलीला कडी लावून, उशाशी बसून हे दिवस काढले की काम झालं, असं पुष्कळ घरांना वाटतं. काही केंद्रांनाही वाटतं! पण टर्की उतरवणं म्हणजे फक्त शरीर साफ करणं. पुढे औषध नसेल तर बहुतेक जण पुन्हा नशेकडे वळतात, आणि आता सवय उतरलेल्या शरीरानिशी.

(दृश्य : दवाखान्यातला कक्ष. परिचारिका औषध मोजून देते.)

मग उपचार कोणता? याचं उत्तर बरंच जुनं आहे. व्हिन्सेंट डोल आणि मारी निस्वांडर या डॉक्टरांनी १९६०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये हेरॉइनच्या रुग्णांना रोज ठरावीक मात्रेत मेथाडोन द्यायला सुरुवात केली. मेथाडोनही अफूच्याच कुळातलं, पण त्याचा परिणाम संथ आणि दीर्घ असतो. योग्य मात्रेत ते दिवसभर ओढ शमवतं, पण नशेचा झटका देत नाही. सकाळ उजाडल्यापासून पुढच्या पुडीमागे धावणारी माणसं कामावर जाऊ लागली, घरात बसून बोलू लागली.

दुसरं औषध ब्युप्रेनॉर्फिन. बहुतेकदा ते जिभेखाली ठेवून विरघळवतात. एका मर्यादेपलीकडे त्याचा परिणाम वाढत नाही, म्हणून श्वासाच्या दृष्टीने ते अधिक सुरक्षित. ते केव्हा सुरू करायचं याला मात्र फार महत्त्व आहे. शरीरात आधीची नशा असताना ते दिलं तर टर्की एकदम उसळते आणि 'हे औषध मला सोसत नाही' अशी गाठ रुग्णाच्या मनात बसते. त्यामुळे त्रास स्पष्ट सुरू होईपर्यंत थांबावं लागतं. कोणती नशा, किती वेळ झाला, हे पाहून डॉक्टर वेळ ठरवतात. तिसरं औषध नालट्रेक्सोन. ते अफूचा परिणाम होऊच देत नाही, पण सुरू करण्याआधी साधारण आठवडा-दहा दिवस शरीर पूर्ण कोरं असावं लागतं. तेवढे दिवस तग धरणं अनेकांना जमत नाही.

'म्हणजे एक व्यसन सोडवून दुसरं लावायचं?' हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. घरातला शहाणा माणूसच तो विचारतो, म्हणून त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. व्यसन म्हणजे ताबा सुटणं, नुकसान दिसत असूनही थांबता न येणं. रोज ठरल्या वेळी ठरलेलं औषध घेऊन, भान राखून संसार करणाऱ्या माणसाचा ताबा सुटलेला नसतो. मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन २००५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. फ्रान्सने १९९०च्या दशकाच्या मध्यावर साध्या फॅमिली डॉक्टरांनाही ब्युप्रेनॉर्फिन लिहून देण्याची मुभा दिली आणि पुढच्या काही वर्षांत तिथले अतिमात्रेने होणारे मृत्यू झपाट्याने खाली आले. औषध चालू असलेली माणसं औषध सोडलेल्यांपेक्षा खूपच कमी प्रमाणात दगावतात, हे देशोदेशी पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

(दृश्य : एक बाई फोनवर. हातात वही.)

म्हणून केंद्राला फोन कराल तेव्हा खोल्या कशा आहेत, जेवण काय देता, हे नंतर विचारा. पहिला प्रश्न हा विचारा : तुमच्याकडे मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन मिळतं का, आणि घरी पाठवल्यावर ते कोण चालू ठेवणार? 'आम्ही कसलंच औषध देत नाही, इच्छाशक्तीवर बरं करतो' असं अभिमानाने सांगितलं गेलं तर दुसरा नंबर लावा. डॉक्टर रोज येतात का? उपचार चालू असताना त्याने नशा केली तर काय करता? काढून टाकतो, असं उत्तर आलं तर आजाराचं लक्षण दिसलं म्हणून आजाऱ्याला हाकलण्यासारखं ते आहे. घरच्यांना भेटू देता का, हेही विचारा. जिथे बांधून ठेवतात, मारतात, किंवा आठवडेच्या आठवडे बोलूही देत नाहीत, तिथे आपलं माणूस ठेवू नका, कोणी कितीही खात्री दिली तरी. आणि शंभर टक्के बरं करण्याची हमी देणाऱ्यापासून लांबच राहा.

बोलायचं कधी? नशेत असताना नाही, टर्कीत तळमळत असतानाही नाही. मधल्या शांत वेळेत, थोडक्यात आणि हातात पत्ता घेऊन. 'उद्या सकाळी डॉक्टरांची वेळ घेतली आहे, मी बरोबर येते', हे वाक्य तासभराच्या उपदेशापेक्षा जास्त काम करतं. विल्यम मिलर आणि रॉबर्ट मायर्स यांचा १९९९ सालचा एक अभ्यास याबाबत फार बोलका आहे. तो दारूच्या व्यसनावर होता. सगळ्यांनी मिळून अचानक घेराव घालायचा, ही रीत शिकवलेल्या घरांपैकी सुमारे ३० टक्के घरांतला माणूस उपचाराला आला. जिथे घरच्यांना चांगल्या दिवसाची दखल घ्यायला, भांडण न पेटवता बोलायला आणि योग्य क्षणी उपचार पुढे करायला शिकवलं, तिथे हे प्रमाण ६४ टक्के होतं. रोख पैसे हातात देऊ नका. डॉक्टरांची फी मात्र स्वतः भरा आणि तिथवर स्वतः घेऊन जा.

(दृश्य : नाकात मारायच्या फवाऱ्याची छोटी बाटली.)

माणूस उपचाराला तयार होवो न होवो, एक औषध शक्य असेल तिथे घरात ठेवाच. नालोक्सोन. ते अफूच्या कुळातल्या नशेचा परिणाम काही वेळापुरता उलटवतं आणि थांबत चाललेला श्वास परत आणतं. हाका मारून, हलवून जाग येत नाही, श्वास फार संथ किंवा घरघरणारा, ओठ निळसर, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, ही अतिमात्रेची खूण. तातडीच्या वैद्यकीय सेवेला फोन करा, नालोक्सोन द्या आणि श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास द्या. काही मिनिटांत फरक दिसला नाही तर दुसरी मात्रा द्या. श्वास सुरू झाला की कुशीवर वळवा. नालोक्सोनचा परिणाम अर्ध्या ते दीड तासात ओसरतो आणि नशा त्याहून जास्त वेळ अंगात राहू शकते, म्हणून 'आता बरा आहे' म्हणत त्याला एकटं सोडू नका. त्याने नेमकं काय घेतलं हे माहीत नसलं तरी द्यायला कचरू नका. ही नशा अंगात नसेल तर नालोक्सोनने इजा होत नाही. दारू किंवा झोपेच्या गोळ्या सोबत घेतल्या असतील तर धोका आणखी मोठा.

घरातली बाई गरोदर असेल तर नशा एकदम बंद करायला लावू नका. अचानक थांबवल्याने गर्भालाही धोका असतो. तिच्यासाठीही हीच दोन औषधं आहेत, मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन, आणि ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात.

मग येतो शेवटचा प्रश्न, जो घरचे दुसऱ्याच भेटीत विचारतात : औषध बंद कधी होणार? कोणाला वर्षं लागतात, कोणाला ते कायम घ्यावं लागतं. घाईने बंद केलेल्यांपैकी अनेक जण पुन्हा नशेकडे जातात. मध्येच एखाद्या दिवशी त्याने नशा केली, तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी डॉक्टरांकडे न्या. अनेकदा औषधाची मात्रा अपुरी पडत असते. ती वाढवता येते.