जेवणाची सुट्टी आणि मोकळी खुर्ची

मित्रहो, दुपारी ऑफिसमधून बाहेर पडून जेवून यायचे, यात व्याख्यान देण्यासारखे काय आहे, असा प्रश्न आपल्यापैकी काहींना पडला असेल. तो रास्तच आहे. पण शहरातल्या बहुतेक कचेऱ्यांत जेवणाची सुट्टी नियमावलीत असते आणि माणसे मात्र खुर्चीवरच असतात, हेही आपण रोज पाहतो. वेळच मिळत नाही, हे त्याचे ठरलेले उत्तर. माझ्या मते खरी अडचण वेळेची फारशी नाही. आपण खुर्चीवर नसताना काम कोणी पाहायचे हे ठरलेले नसते, ही आहे.

आधी वेळेचा हिशेब करून टाकू. साधारण चालीने माणूस मिनिटाला ८० मीटर चालतो. म्हणजे अर्ध्या किलोमीटरवरची जागा सहा-सात मिनिटांची झाली आणि जाणे-येणे पंधरा मिनिटांच्या आत आटोपले. घाई न करता जेवायला वीस मिनिटे धरली, तरी ३५ मिनिटांत माणूस इमारतीच्या दारात परत येतो. हा हिशेब बहुधा रस्त्यावर नव्हे, तर लिफ्टपाशी बिघडतो. एकाच्या सुमारास सगळे मजले एकदम खाली निघतात. लिफ्ट वरूनच भरून येते, मजल्या-मजल्यावर थांबते, दार उघडते, आतली मंडळी ओशाळवाणे हसतात आणि दार मिटते. खाली पोहोचावे तर तिथेही रांग. म्हणून साडेबाराला किंवा पावणेदोनला निघणारा माणूस शहाणा. उतरताना जिना वापरावा आणि कुठे जायचे ते निघण्याआधीच ठरवावे, कारण चौघांनी फुटपाथवर उभे राहून केलेली ती चर्चा सुट्टीचा चांगला लचका तोडते.

बाहेर पडून मिळते काय? टेबलावरच जेवणारा माणूस जवळून पाहा. डाव्या हातात चमचा, उजवा हात माउसवर, नजर पडद्यावरच्या आकड्यांवर. मध्येच फोन वाजतो, तेव्हा तोंडातला घास तसाच गिळून तो ‘बोला’ म्हणतो. लक्ष दुसरीकडे असताना खाल्लेले नीट आठवणीत राहत नाही आणि अशी माणसे पुढच्या खाण्याच्या वेळी जास्त खातात, असे प्रयोगांत दिसून आले आहे. पडद्याकडे पाहताना पापण्या कमी मिटतात, म्हणून डोळे कोरडे पडतात. दूरवर पाहिले की बुबुळामागच्या भिंगाचा आकार बदलणारे स्नायू सैल होतात. उजेडाचे तर विचारूच नका. लक्स या उजेड मोजण्याच्या एककात सांगायचे, तर ऑफिसातल्या टेबलावर ३०० ते ५०० लक्स उजेड असतो, तर ढगाळ दिवशीसुद्धा उघड्यावर तो कित्येक हजार लक्स असतो. दुपारची सुस्ती बाहेर गेल्याने नाहीशी होते असे मात्र मी म्हणणार नाही. ती न जेवणाऱ्यालाही येते, कारण शरीराच्या घड्याळातच तिची जागा आहे. जेवणानंतर थोडे चालल्याने रक्तातली साखर एकदम चढत नाही, एवढे खात्रीने सांगता येते.

आता मूळ मुद्दा. सुट्टीचा हक्क कायद्यांनी कधीच मान्य केला आहे. भारताच्या १९४८ च्या कारखाने अधिनियमात, तो २०२५ मध्ये रद्द होईपर्यंत, सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती सांगितली होती. युरोपीय संघाच्या नियमानुसार सहा तासांहून अधिक काम असेल, तर मध्ये विश्रांती द्यावी लागते. फ्रान्सने तर कामाच्या जागी बसून जेवू देण्यालाच मनाई केली आणि २०२१ मध्ये साथीमुळे ती काही काळ शिथिल केली. तरीही कायदा माणसाला खुर्चीवरून उठवू शकत नाही. सगळे बसलेले असताना एकट्याने उठणे म्हणजे कामचुकारपणा ठरेल, ही धास्ती त्याला बसवून ठेवते. ज्या विभागात साहेब स्वतः एक वाजता टेबलावरच डबा उघडतात, तिथे कोणी काही न बोलताही नियम ठरून जातो.

यावर उपाय आहे तो जोडीचा. दोघांनी एकमेकांची कामे सांभाळायची. एक साडेबाराला जाईल, दुसरा तो परतल्यावर. जाणाऱ्याने चार ओळींत लिहून ठेवावे: कोणाचा फोन अपेक्षित आहे, कोणते काम परतेपर्यंत थांबेल आणि कोणते थांबणार नाही. शिवाय अर्धवट कामात पुढची पायरी कोणती, तेही आपल्यासाठी टिपून ठेवावे. सोफी लरॉय आणि थेरेसा ग्लोम्ब यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दिसले की, काम सोडताना पुन्हा कुठून सुरू करायचे ते लिहून ठेवले, तर मन मागच्या कामात कमी घुटमळते. नाहीतर माणूस बाहेर जेवायला बसतो आणि डोक्यात तीच फाइल उघडी असते.

ग्राहकांसमोर खिडकीवर बसणाऱ्यांना ही सोय आपसांत करता येत नाही. तिथे बदली माणूस वेळापत्रकातच नेमावा लागतो आणि ते काम वरिष्ठांचे आहे. साडेबारा ते दोन या वेळेत बैठक न ठेवणे, हेही त्यांच्याच हातात आहे, आणि त्याला खर्च काहीच येत नाही.