गाणं चाललं, मग पैसे कुठं अडलेत?

नमस्कार मंडळी. विट्यापासून मिरजेपर्यंत सगळ्यांचा कॉमेंटमध्ये एकच प्रश्न: ‘गाणं एवढं वाजतंय, खात्यात काहीच कसं नाही?’

सोपं आधी उरकतो. लग्न, जत्रा, गणपती, सुपारी कुठलीही असो, विसार हातात पडल्याशिवाय तारीख धरायची नाही. साऊंड, गाडी आणि साथीदारांची बिदागी वेगवेगळी लिहून घ्यायची. ‘सगळं मिळून ठोक’ म्हणालात की जनरेटरचं डिझेलसुद्धा तुमच्याच गळ्यात. शिकवणीची फी महिन्याच्या सुरुवातीला. झालं, हे तुम्हाला माहीतच आहे.

आता अडतं ते इथं. एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. एक रेकॉर्डिंग, म्हणजे स्टुडिओतून पेनड्राइव्हवर आणलेली फाईल. दुसरी रचना, म्हणजे शब्द आणि चाल. डिस्ट्रिब्यूटर, म्हणजे तुमचं गाणं ऑनलाइन ॲपवर चढवणारी कंपनी, तुम्हाला देतो ते फाईलचे पैसे. (तेही स्पॉटिफायवर 12 महिन्यांत किमान 1000 वेळा ऐकलं गेलं तरच.) शब्दांचे आणि चालीचे पैसे गोळा करते आयपीआरएस ही कॉपीराइट सोसायटी. तिथं सभासद नाही, गाण्याची नोंद नाही, तर तुमचा वाटा तुमच्यापर्यंत यायचा कसा?

डोक्यात नाही शिरलं? बरं. उद्या तासगावच्या एखाद्या बँजो पार्टीनं तुमची चाल बँजोवर रेकॉर्ड केली. फाईल त्यांची, तिचा 12 अक्षरी आयएसआरसी नंबर (रेकॉर्डिंगची ओळख पटवणारा) त्यांचा, फाईलचे पैसे त्यांचे. चाल मात्र तुमचीच. बँजोवर वाजली म्हणून ती त्यांची होत नाही.

एक दादा लिहितात, ‘मीच गायलोय, मग आयपीआरएसकडून मला किती?’ दादा, नुसते गायला असाल तर शून्य. ती संस्था गीतकार, संगीतकार आणि प्रकाशकांची. गायकांची संस्था वेगळी आहे, 2013 पासून; आधी तिचं नाव इस्रा होतं, आता इसाम्रा.

आणि आता ज्यानं डोकं फिरतं ते. अपलोडचा फॉर्म उघडा. तुकोबांचा अभंग आहे, चाल तुमची नवी. गीतकाराच्या रकान्यात संत तुकाराम, तिथं स्वतःचं नाव घुसडायचं नाही. संगीतकाराच्या रकान्यात तुमचं नाव. लोक काय करतात? दोन्हीकडं ‘पारंपरिक’! अहो, शब्द जुने आहेत, चाल गेल्या आठवड्यात पेटीवर बसवलीय. ‘पारंपरिक’ लिहिलंत म्हणजे ही चाल कुणाचीच नाही असं तुम्हीच लिहून दिलंत. आणि नाव सगळीकडं एकसारखं लिहा, पॅनवर आहे तसं. एकीकडं बापू, दुसरीकडं बाळासाहेब, तर तो एकच माणूस हे यंत्राला कळत नाही.

‘लग्नात माझं गाणं वाजलं, रॉयल्टी मिळंल का?’ नाही. वरात आणि लग्नाचे कार्यक्रम कायद्यानंच वगळलेत, कॉपीराइट कायद्याचं कलम 52 बघा. त्या वाटेला जाऊ नका.

कंटेंट आयडीचं सांगतो, म्हणजे यूट्यूबवर तुमचा आवाज कुणाच्या व्हिडिओत आला की आपोआप दावा लावणारी सोय. हलगीचा लूप वेबसाइटवरून घेतलाय? मग तो पर्याय निवडू नका. तोच लूप आणखी शेकडो जणांकडं असतो. तुमचा दावा त्यांच्या व्हिडिओंवर जाऊन बसतो, ते तक्रार करतात, आणि खातं तुमचं अडकतं. तंबोऱ्याचं तेच. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, वाद्य आपल्या दारात आहे. माइक लावून स्वतः रेकॉर्ड करा, हा घोळच राहत नाही.

कंपनीनं एकरकमी पैसे देऊन ‘सर्व हक्क’ लिहून घेतले, तर? सही करताना मुदत बघा. करारात मुदत लिहिलीच नसेल तर कायदा 5 वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि 2012 च्या दुरुस्तीपासून गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीचा आपला वाटा कंपनीला लिहून देताच येत नाही. वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो, बस्स. म्हणजे सही करून बसला असाल तरी आयपीआरएसचा फॉर्म भरा.

डिस्ट्रिब्यूटर बदलताय? जुने आयएसआरसी नंबर आधी वहीत उतरवा आणि नव्या ठिकाणी तेच टाका. नवा नंबर पडला की तेच गाणं नवं धरलं जातं, आणि ऐकल्याचा आकडा पुन्हा शून्यावर.